सायकलला रस्ताबंदी नको : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रोज सायकल चालवणारे आम्ही काही जण आहोत. कुणी कामावर जायला चालवतं, कुणी हौसेने, कुणी दोन्हींसाठी. गर्दीच्या रस्त्यांवर सायकलला मनाई करा, सायकलस्वाराला परवाना लावा, हेल्मेट नसेल तर दंड करा, ट्रॅक आहे तिथे सायकल रस्त्यावर येऊच देऊ नका, अशा सूचना अधूनमधून कानावर येतात. आमचा या सगळ्यांना विरोध आहे. सोसायटीत, ऑफिसात, चहाच्या टपरीवर लोक आम्हाला जे विचारतात ते प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हा विषय आत्ताच का काढलात?

कारण नियम लिहिण्याची वेळ आली आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १३८ मध्ये पोटकलम (१अ) घातलं गेलं. इंजिन नसलेली वाहनं आणि पादचारी यांचा सार्वजनिक जागांवरचा आणि राष्ट्रीय महामार्गांवरचा वावर आणि प्रवेश यांचं नियमन करणारे नियम रस्ता सुरक्षेसाठी राज्य सरकारला करता येतील, असं ते सांगतं. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी एस. राजसीकरन यांनी रस्ता सुरक्षेसाठी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. कलम २१०ड खाली रस्त्यांची रचना, बांधणी आणि देखभाल यांची मानकं ठरवण्याचेही निर्देश त्याच आदेशात आहेत.

न्यायालयाचा रोख पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेवर होता: पदपथ, रस्ता ओलांडायच्या जागा, हेल्मेट, लेन तोडणं. त्या आदेशाचं आम्ही मनापासून स्वागत करतो. भीती आहे ती नियम कोणत्या बाजूने लिहिले जातील याची. 'या रस्त्यावर सायकलला सुरक्षित जागा दिली पाहिजे' असा नियम करता येतो आणि 'या रस्त्यावर सायकलने येऊ नये' असाही करता येतो. दुसरा फार स्वस्त पडतो. एक अधिसूचना काढली, चार फलक लावले की काम झालं. पहिल्यासाठी रस्त्याची आखणी बदलावी लागते, कडेचं पार्किंग हलवावं लागतं, लोकांची नाराजी घ्यावी लागते. म्हणून मसुदा पक्का होण्याआधीच बोलायला हवं.

सायकलला रस्त्यावर चालायची परवानगी आहे का?

परवानगी लागतच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि पायाने पेडल मारून चालणारी सायकल तिच्यात बसत नाही. म्हणून तिला नोंदणी नाही, विमा नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही. काहींना वाटतं की ही कुठेतरी राहून गेलेली पळवाट आहे आणि ती बुजवायला हवी. तसं नाही. मोटार वेगवान असते, जड असते, चालवताना चूक झाली तर दुसऱ्याचा जीव जातो. म्हणून सरकारने मोटार चालवणाऱ्याकडून आधी परीक्षा घेतली, नंबरप्लेट लावून घेतली, विमा घ्यायला लावला. ही सगळी अट धोक्यासाठी आहे. चालत जाणं आणि सायकलने जाणं हा नागरिकाचा साधा वावर आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(घ) मध्ये देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिलेला आहे. त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही तिथेच लिहिलं आहे. आमचा वाद 'वाजवी' काय यावर आहे.

मग सायकलवाल्यांना काहीच नियम नाहीत?

आहेत, आणि ते पुरेसे आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल आहे. त्यात मोटारच असली पाहिजे असं नाही, कोणतंही वाहन चालतं. सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा पद्धतीने सायकल हाकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये पोलीस आयुक्तांना रस्त्यावरच्या सर्व प्रकारच्या रहदारीचं नियमन करता येतं आणि तिथे सायकलस्वारांचा स्पष्ट उल्लेख आहे. लाल दिवा सायकललाही लाल आहे, नो एन्ट्री सायकललाही नो एन्ट्री आहे.

थोडक्यात, वेडंवाकडं सायकल चालवणाऱ्याला आजही पकडता येतं. नवा कायदा आणून त्यात नीट चालवणाऱ्यालाही अडकवायचं कारण नाही.

सिग्नल तोडणारे, उलट्या दिशेने येणारे सायकलवाले आम्ही रोज पाहतो. त्यांचं काय?

त्यांना थांबवा. आमची काहीही हरकत नाही. पहाटे सिंहगडाकडे किंवा एनडीएच्या रस्त्याला घोळक्याने जाणारे काही जण सिग्नल पाळत नाहीत, हे खरं आहे आणि ते चूक आहे. उलट्या दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराला तर स्वतःलाच सर्वांत जास्त धोका असतो, कारण चौकातून वळणारा गाडीवाला त्या बाजूला बघतच नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्यात सिग्नल तोडणाऱ्या, पदपथावरून गाडी घालणाऱ्या दुचाकीही आपण सगळेच रोज बघतो. तरी 'दुचाकींना टिळक रस्त्यावर बंदी घाला' असं कुणी म्हणत नाही. नियम मोडला तर दंड करा, हे तिथे सगळ्यांना पटतं. तोच न्याय सायकलला लावा, एवढंच मागणं आहे.

वर्दळीच्या रस्त्यांवर सायकल धोक्याची असते. बंदी सायकलस्वाराच्याच भल्यासाठी नाही का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणारे बहुतेक खरोखरच काळजीने विचारतात. म्हणून जरा सविस्तर.

धोका कुठून येतो ते आधी बघू. सायकल आणि स्वार मिळून वजन ८०-८५ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर धरा. साधी चारचाकी १,२०० किलोची, वेग ताशी ५० धरा. दोन्हींच्या गतिज ऊर्जेचा हिशेब केला तर मोटारीची ऊर्जा दीडशे पटींहून जास्त भरते. आघाताची तीव्रता वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून तीच गाडी ताशी ३० वरून ६० वर गेली की तिचा आघात दुप्पट नव्हे, चौपट होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. त्याच अहवालात मृतांमधले ३२,८२५ जण पायी चालणारे होते. पायी चालणं धोक्याचं आहे म्हणून कुणी चालण्यावर बंदी घालायला सांगत नाही. पदपथ द्या, गाड्यांचा वेग कमी करा, असंच सगळे म्हणतात. सायकलला वेगळा न्याय का?

दुसरं असं की बंदीमुळे सायकलस्वार नाहीसा होत नाही. ज्याला धायरीहून स्वारगेटला कामावर जायचं आहे तो जाणारच. सिंहगड रस्ता बंद केला तर तो गल्लीबोळांतून, लांबच्या वळणाने, अंधाऱ्या कडेने जाईल. किंवा त्याच रस्त्याने पोलिसाची नजर चुकवत जाईल आणि मागून धडक बसली तर 'तू इथे आलासच का' हे त्यालाच ऐकावं लागेल. आमच्या मते बंदीचा सर्वांत वाईट परिणाम हाच. आज धडक देणाऱ्याला जबाब द्यावा लागतो. उद्या जखमी माणसालाच आपली तिथे असण्याची कैफियत मांडावी लागेल. विम्याच्या दाव्यातही समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढणार.

तिसरं, रस्त्यावर सायकली जितक्या जास्त दिसतात तितकी गाडीवाल्यांची नजर त्यांना सरावते. सायकली हटवल्या की उरलेल्या थोड्यांना धोका वाढतो.

पण मग हा रस्ता सुरक्षित करायचा कसा?

वेग उतरवून. शाळा, बाजार, वस्ती असलेल्या भागात ताशी ३० ची मर्यादा, ती पाळली जाईल अशी रस्त्याची आखणी, चौकातली वळणं अरुंद, झेब्रा उंचावलेला, कडेची बेकायदा पार्किंग बंद. मोठ्या रस्त्यांवर सलग, अडथळे नसलेला सायकल ट्रॅक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची सायकल ट्रॅकसाठीची मानकं, आयआरसी ११, पहिल्यांदा १९६२ मध्ये आली. काय करायचं हे देशाला साठहून अधिक वर्षं माहीत आहे.

पुण्यात सायकल ट्रॅक आहेत की. ते का वापरत नाही?

वापरता येतील तिथे वापरतो. कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, २००६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्याला कडेने ट्रॅक केले गेले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि शहरभर आठशे किलोमीटरच्या आसपास सायकलयोग्य जाळ्याची आखणी त्यात होती. आराखडा चांगला होता, अजूनही आहे. तो जमिनीवर उतरला असता तर आज हे पान लिहावंच लागलं नसतं.

प्रत्यक्षात ट्रॅकवर काय असतं? लावलेल्या दुचाकी. डीपीचा डबा. बसथांबा. चहाची टपरी. पेव्हर ब्लॉक उखडून झालेला खड्डा. झाडाचा बुंधा. मग ट्रॅक चौकाआधी दोनशे फुटांवर संपतो आणि सायकलस्वाराला फूटभर उंचीच्या कर्बवरून उतरून नेमकं जिथे सर्वांत जास्त गर्दी तिथेच गाड्यांमध्ये घुसावं लागतं. ट्रॅकवर मोटार वाहन घालायला कायद्याने मनाई आहे, पण तिथून दुचाकी जाताना पाहिली नाही असा पुणेकर सापडणार नाही.

ट्रॅक असेल तिथे तो वापरणं सक्तीचं केलं तर काय बिघडेल?

वरचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल. अर्धवट ट्रॅकची सक्ती म्हणजे अप्रत्यक्ष बंदीच. ट्रॅक चांगला असेल तर सक्तीची गरज पडत नाही, कारण मोकळ्या सपाट वाटेवरून जायला कुणाला नको असतं? सक्तीची गरज वाईट ट्रॅकलाच लागते. आणि एकदा सक्ती आली की ट्रॅक सुधारायचं कारणही संपतं, कारण तो वापरला जातोय हे कागदावर सिद्ध झालेलंच असतं.

शिवाय एखाद्याला उजवीकडे वळायचं असतं, समोरच्या दुकानात जायचं असतं, ताशी २५ ने जाणाऱ्याला ट्रॅकवर चालणाऱ्या आजींच्या मधून जायचं नसतं. ट्रॅकवर की रस्त्यावर, हे स्वाराला ठरवू द्या.

सायकलवाले रस्त्याच्या मध्ये का येतात? अगदी डाव्या कडेने का जात नाहीत?

कारण डावी कडच सर्वांत वाईट असते. ज्यांनी शहरात सायकल चालवली नाही त्यांना हे लक्षात येत नाही, म्हणून सांगतो. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीच्या वर किंवा खाली असतात. पावसाळी गटारांच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असल्या तर सायकलचं चाक थेट आत जातं. डांबराचा थर संपतो तिथे दोन-तीन इंचांची धार असते आणि त्या धारेवर चाक घसरलं की स्वार उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला पडतो. वाळू, काच, पावसात साचलेलं पाणी आणि त्याखाली न दिसणारा खड्डा हे सगळं कडेलाच. लावलेल्या मोटारीचं दार अचानक उघडतं. रिक्षा प्रवासी पाहून डावीकडे झपकन येते. पीएमपीची बस थांब्याकडे वळते.

म्हणून अनुभवी सायकलस्वार कडेपासून मीटर-दीड मीटर अंतर ठेवतो आणि सरळ रेषेत चालवतो. त्यात अरेरावी नाही. मागच्या गाडीवाल्याला तो आधीपासून दिसावा आणि अचानक बाजूला झुकावं लागू नये, यासाठीची ती काळजी आहे. रस्ता अरुंद असेल तर मागच्याने अर्धा मिनिट थांबायचं. ट्रॅक्टरमागे थांबतो, मिरवणुकीमागे थांबतो, तसंच.

सायकलींमुळे वाहतूक कोंडी होते, ते?

पुण्यातली कोंडी कशाने होते हे कर्वे रस्त्यावर किंवा नगर रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघावं. एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या चारचाकी, रस्त्याच्या कडेला दोन रांगांत लावलेल्या गाड्या, कामं चाललेले रस्ते. सायकल त्या कोंडीत सर्वांत कमी जागा घेते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभा हाच आहे की वाहनं पुढे नेण्यापेक्षा माणसं पुढे नेणं महत्त्वाचं. त्या मापाने मोजलं तर एका लेनमधून सायकलींनी मोटारींपेक्षा कितीतरी जास्त माणसं जातात.

अशी बंदी कुठे घालून पाहिली आहे का?

हो, कोलकात्यात. २०१३ मध्ये तिथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली. फटका कुणाला बसला? दूधवाले, पेपर टाकणारे, सायकलवरून माल पोचवणारे, कारखान्यातले कामगार. लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेलं, रस्त्यांची यादी पुढे ६२ वर आली. आणि २०२० मध्ये कोविडमुळे बस-लोकल बंद पडल्या तेव्हा त्याच शहराला बऱ्याच रस्त्यांवर सायकलला मोकळीक द्यावी लागली. संकट आलं तेव्हा माणसांना कामावर पोचवायला हीच सायकल चालली.

पुण्यात आता सायकल चालवतंच कोण? आयटीतले हौशी लोकच ना?

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे, कारण हेल्मेट-चष्मे घातलेले हौशी स्वार फोटोत दिसतात आणि बाकीचे दिसत नाहीत.

पहाटे साडेचारला अप्पा बळवंत चौकाच्या आसपास वर्तमानपत्रांचे गठ्ठे सायकलला बांधणारी मुलं बघा. रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन, डब्याचे कॅरियर लावलेले काका, बांधकामाच्या साइटवर मांजरीहून खराडीला जाणारा मिस्त्री, फुलं घेऊन मार्केटयार्डातून निघणारा माणूस, क्लासला जाणारी नववीतली मुलगी. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४५ टक्क्यांच्या आसपास घरांत सायकल होती आणि घराबाहेर कामाला जाणाऱ्या बिगरशेती कामगारांतले १३ टक्के सायकलने जात होते. त्यांच्याकडे दुसरं वाहन घ्यायला पैसे नाहीत किंवा त्यांना ते घ्यायचं नाही, दोन्ही कारणं तितकीच मानाची आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पेपर टाकणाऱ्या मुलाची सायकल काढून घेणं हा उपजीविकेचाच प्रश्न आहे. आणि विसंगती बघा: मानव विकास कार्यक्रमातून हेच राज्य सरकार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देतं. तीच मुलगी कॉलेजला पुण्यात आली की तिला रस्ता बंद करायचा?

पुणं सायकलींचं शहर होतं म्हणतात. तेव्हा तर बिल्ला लागायचा, दिवा नसला की पोलीस पकडायचे. मग आता परवाना लावला तर काय हरकत?

जुन्या पुण्यात सायकलला बिल्ला घ्यावा लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलं की पोलीस पकडत, हे खरं आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा किंवा पिंपरीच्या एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा, हेही खरं आहे. पण बिल्ला हा कर होता. तो भरला म्हणून कुणाला चालवता येतं असं सिद्ध होत नव्हतं आणि तो नसला म्हणून अपघात होत नव्हता. गोळा करण्याचा खर्च आणि त्रास पाहता अशा पद्धती ठिकठिकाणी बंद पडल्या. स्वित्झर्लंडसारख्या शिस्तीच्या देशानेही सायकलवर दरवर्षी लावायचं विम्याचं सक्तीचं स्टिकर २०१२ पासून बंद केलं.

परवान्याचं आणखी एक. दहा वर्षांच्या मुलाला परवाना कसा देणार? नसेल तर तो शाळेत कसा जाणार? बिहारमधून गेल्या आठवड्यात आलेल्या कामगाराने परवान्यासाठी पत्त्याचा पुरावा कुठून आणायचा? रात्रीच्या दिव्याचं मात्र आम्ही समर्थन करतो. मागे लाल, पुढे पांढरा दिवा आणि रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत. शक्य असेल तर महापालिकेने वस्त्यांमध्ये शिबिरं घेऊन ते फुकट बसवून द्यावेत. दंडाच्या पावतीपेक्षा त्या दिव्याने जास्त जीव वाचतील.

हेल्मेट सक्तीलाही विरोध? पुणेकर आणि हेल्मेट, पुन्हा तेच?

मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे, आणि ते बरोबरच आहे. ताशी ६० ने जाणाऱ्याने हेल्मेट घातलंच पाहिजे.

सायकलवर आमच्यातले बहुतेक जण हेल्मेट घालतात. तुम्हीही घाला, मुलांना घाला. विरोध आहे तो न घातल्याबद्दल दंड करण्याला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सक्ती केली, न्यूझीलंडने १९९४ मध्ये. उलट मेक्सिको सिटीने २०१० मध्ये आणि अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत आहे तिने २०२२ मध्ये अशी सक्ती मागे घेतली. किंग काउंटीत कारण असं होतं की दंडाचा बोजा बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर जास्त पडत होता. आपल्याकडे कुणावर पडेल ते वेगळं सांगायला नको. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलला हेल्मेटची सक्ती नाही आणि तिथे शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे सायकलवर असतात, कारण तिथे गाड्यांना सायकलपासून दूर ठेवलं आहे.

एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे. तिलाही विरोध करणार?

नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ही मोटारींसाठी मुद्दाम वेगळी बांधलेली वाट आहे. तिथे दुचाकी, रिक्षा, सायकल कुणालाच प्रवेश नाही आणि मुंबईला जायला खंडाळ्यातून जुना रस्ता शिल्लक आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून बंगळूर-म्हैसूर महामार्गावरही मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर आणि सायकल यांना मनाई आहे, तिथे कडेने सेवा रस्ते आहेत.

आमची कसोटी साधी आहे. तिथे जाण्याचा दुसरा, तितकाच सरळ आणि सुरक्षित रस्ता आहे का? असेल तर बोलू. नसेल तर बंदी नको. नवले पुलाजवळच्या महामार्गाचंच बघा. कात्रज, नऱ्हे, वारजे इथल्या माणसांना त्या महामार्गाच्या या बाजूने त्या बाजूला रोज जावंच लागतं. तिथे सेवा रस्ता सलग करा, भुयारी मार्गात दिवे लावा, मग निर्बंधाची चर्चा करू.

शहरातले पूल आणि उड्डाणपूल?

उड्डाणपुलाखालचा रस्ता चालू असेल तर बहुतेक सायकलस्वार आपणहून खालूनच जातात, चढ कुणाला हवा? नदीवरच्या पुलांचं वेगळं आहे. मुठेच्या अलीकडून पलीकडे जायला मोजकेच पूल आहेत आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. त्या दिवसांत उरलेल्यांपैकी एखादा जरी सायकलला बंद असेल तर नारायण पेठेतून डेक्कनला जाणाऱ्याला मोठा वळसा पडतो. मोटारीला वळसा म्हणजे पाय थोडा जास्त दाबणं, सायकलला वळसा म्हणजे घाम.

ई-सायकल?

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेलं बॅटरीवरचं वाहन, बाकीच्या अटी पाळत असेल तर, मोटार वाहन धरलं जात नाही. त्याहून ताकदीची, वेगाची गाडी 'सायकल' म्हणून विकली जात असेल तर ती मोटार वाहनच आहे आणि तिच्यावर कारवाई व्हायला हवी.

मी रिक्षा चालवतो. तुम्ही लोक गाड्यांच्या विरोधात आहात का?

नाही दादा. तुम्ही दिवसभर रस्त्यावर असता, खड्डे तुम्हालाही लागतात आणि कोंडीत तुमचंही डिझेल-सीएनजी जळतं. चांगला सायकल ट्रॅक झाला तर तुमच्या पुढ्यात सायकल येणारच नाही. तुमची आणि आमची मागणी बरीचशी एकच आहे. फक्त सायकलच्या शेजारून जाताना मीटरभर अंतर सोडा आणि प्रवासी उतरवण्याआधी डावीकडे एकदा बघा, ही विनंती.

पोलिसांनी एखाद्या रस्त्यावर बंदीचा आदेश काढला तर?

आदेश कोणत्या कलमाखाली काढला आहे ते आधी वाचा. पुण्यात वाहतूक बदलाचे आदेश बहुधा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६, ११७ चा आधार घेऊन निघतात. कलम ११५ मोटार वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार देतं. सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे फक्त त्या कलमावर सायकलबंदी टिकते का, हा प्रश्न लेखी विचारण्यासारखा आहे. आदेशात हरकती मागवलेल्या असतील तर मुदतीच्या आत पाठवा. रस्त्यावर पोलीस मामांशी वाद घालू नका, त्यांनी आदेश लिहिलेला नसतो.

राज्याचे नियम आले तर आपलं म्हणणं ऐकलं जाईल का?

ऐकायची संधी कायद्यानेच दिली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम २१२ सांगतं की या कायद्याखालचे नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच करता येतात. म्हणजे आधी मसुदा राजपत्रात येतो, हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाते, मग अंतिम नियम. मसुदे शांतपणे येतात आणि मुदत संपून जाते, असं अनेक विषयांत झालं आहे. म्हणून राजपत्राकडे लक्ष ठेवावं लागेल आणि आम्ही ते ठेवणार आहोत.

हरकतीत नेमकं काय लिहावं?

स्वतःचं लिहा. एकच छापील मजकूर शंभर जणांनी पाठवला तर त्याकडे एकच हरकत म्हणून बघितलं जातं. तुम्ही कुठून कुठे जाता, किती वाजता, कोणत्या रस्त्याने, तो बंद झाला तर कोणत्या रस्त्याने जावं लागेल, त्या वळशाला किती अंतर आणि किती पैसे लागतील हे लिहा. घरकामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, पेपरवाला यांना विचारा आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांचं म्हणणं त्यांच्या सहीने लिहून द्या. त्यांच्यापर्यंत राजपत्र कधीच पोचत नाही आणि नियमाचा भार मात्र पहिला त्यांच्यावर पडतो.

मग मागण्या. आमच्या अशा आहेत, पटतील त्या घ्या: सायकलच्या प्रवेशावर सरसकट बंदी घालणारी तरतूद नको. अपवाद म्हणून बंदी असेल तर सुरक्षित पर्यायी मार्ग आधी तयार आणि बंदी मागाहून. ट्रॅकची सक्ती नको. परवाना, नोंदणी, हेल्मेट-दंड नको. कलम २१०ड खालच्या मानकांत सलग सायकल ट्रॅक आणि वस्तीत ताशी ३० ची मर्यादा यायला हवी. रस्त्याची मानकं न पाळणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला कलम १९८अ खाली एक लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१९ पासून आहे, ती सायकल ट्रॅकलाही लागू असल्याचं नियमात स्पष्ट लिहा.

मराठीत लिहिलेली हरकत चालते का?

चालते. मराठी ही राज्याची राजभाषा आहे. नाव, पत्ता, तारीख आणि सही घाला, मसुद्याचा अधिसूचना क्रमांक वर लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावर कागद सोडून येऊ नका. ईमेलने पाठवलात तर पाठवल्याची प्रत जपून ठेवा.